कोपऱ्यावरची

मल्हारीनं खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि भिंतीत खुपसला. पोपडा निघाला. मागची वीट पक्की होती. त्यानं बोटानं माती पुसली, बोटाचा वास घेतला आणि पुढच्या भिंतीकडं सरकला.

"दादा, इंजिन आहे का ते?" भिकन दलाल मागून म्हणाला. "घर असं बघत नसतात."

"मग कसं बघतात?"

"आत कोण राहतंय ते बघायचं. भिंत पडली तर उद्या बांधू. भाडेकरू पडत नाही."

ओट्यावर बसलेल्या बायका हसल्या. मल्हारी नाही हसला. गेले चार महिने हा भिकन त्याला सायकलच्या दांडीवर बसवून सगळं नाशिक दाखवत होता. पंचवटीतलं एक घर पसंत पडलं, तर मालकाचा भाऊ काठी घेऊन बाहेर आला, निम्मं माझं म्हणून. सातपूरकडं एक जागा होती, तिथं पाणी डोक्यावरून आणावं लागत होतं. गंगापूर रोडला नवे बंगले उठत होते, तिकडं ह्या दोघांना गेटातूनच परत पाठवलं. आणि आज ही पाच खोल्यांची रांग.

द्वारकेच्या नाक्यामागं, आग्रा रोडला अगदी चिकटून. वर पत्रे, पुढं ओटा, अंगणात एक नळ. चार खोल्यांत जुने भाडेकरू होते, त्यांचं भाडंही जुनंच. कायद्यानं त्यांना हलवता येत नव्हतं आणि भाडंही वाढवता येत नव्हतं. त्यांच्या जिवावर चहासुद्धा निघाला नसता. पण पाचवी, कोपऱ्यावरची खोली, तिची एक भिंत थेट रस्त्याला होती. ट्रक जाताना ती भिंत थरथरायची. मल्हारीनं त्या भिंतीला हात लावला आणि तसाच उभा राहिला.

इथं शटर बसवलं की दुकान. टायरवाला येईल, स्पेअर पार्टवाला येईल, चहावाला तर पाया पडत येईल. द्वारकेला रस्त्यावर दुकान म्हटल्यावर भाडेकरू शोधावा लागत नाही.

"ह्या खोलीत कोण आहे?" त्यानं विचारलं.

"कुणी नाही," भिकन म्हणाला. "म्हणजे आहे, पण नाहीच."

मग त्यानं समजावून सांगितलं. चाळीचा मालक गोटीराम ठेकेदार. त्याचा गंगापूर रोडला बंगला चालला होता आणि तो पुरा करायला तो ही चाळ विकत होता. बंगल्याच्या कामावर पेठकडचा एक गडी होता, बुधा नावाचा. त्याला आणि त्याच्या बायकोला ठेकेदारानं ही खोली राहायला दिली होती. भाडं नाही, पावती नाही, काही नाही. बायको पोटुशी होती. ही डोंगराकडची माणसं कुठंही असली तरी शिमग्याला घरी जातातच. तो शिमग्याला तिला माहेरी पोचवणार, बाळंतपण तिकडंच करणार, आणि इकडं बंगल्याचं कामही संपत आलेलं. म्हणजे खोली आपोआप रिकामी.

"आणि नाही गेला तर?"

"जातोच. पण तू तो गेल्याशिवाय इसार देऊ नको," भिकन म्हणाला. आवाज खाली आणून म्हणाला, "इसार दिला म्हणजे सौदा पक्का. मग तू मागं हटलास तर तुझा इसार ठेकेदाराच्या खिशात, आणि तू माझ्याकडं बघत बसशील."

दलाल असून त्यानं हे सांगितलं, म्हणून मल्हारीचा त्याच्यावर जीव होता.

घरी सुलाबाई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. मल्हारीनं सगळं सांगितलं. तिनं मान वर केली नाही, पण बोटं थांबली.

मल्हारी आग्रा रोडच्याच एका गॅरेजात फिटर होता. गेल्या दिवाळीत ग्राइंडरचा कण उडून त्याच्या डाव्या डोळ्यात गेला, तेव्हापासून त्या डोळ्यानं धुकं दिसायचं. गॅरेजवाला बोलला काही नाही, पण बारीक कामं त्याच्याकडं येईनाशी झाली. आता तर एक नवा फिटर ठेवला होता, मल्हारीच्याच बाकड्यावर. दुसरा डोळा दमायच्या आत महिन्याला काहीतरी घरात आलं पाहिजे, एवढंच गणित होतं. आयुष्यभर दोघांनी दुसऱ्याच्या खोल्यांत दिवस काढले होते. नवी खोली शोधायला गेलं आणि आडनाव सांगितलं की ती कालच गेलेली असायची.

"दुकान निघणार असेल तर माझ्या पाटल्या मोडा," सुलाबाई म्हणाली. "नुसती चाळ घ्यायची असेल तर नका मागू. चार म्हाताऱ्या भाडेकरूंचे पत्रे शाकारत बसायला मी पाटल्या देणार नाही."

"कोपऱ्यावरची मोकळी झाल्याशिवाय मी पैसा देत नाही."

"आणि ती मोकळी झाली हे सांगणार कोण? ठेकेदार? त्याला विकायची आहे. भिकनभाऊ? त्यांना दलाली पाहिजे."

बाई बरोबर बोलत होती.

दुसऱ्या दिवशी मल्हारी एकटाच चाळीत गेला. नळावर बुधाची बायको घागर भरत होती. वत्सला तिचं नाव. विशीतली पोर, हाडापेरानं बारीक, आणि पोट असं की घागर कंबरेवर घ्यायची कुठं हा प्रश्न. दुसऱ्या खोलीतल्या बयाबाई ओट्यावरून तिला ओरडत होत्या की ठेव ती, मी आणते. ह्या बयाबाई म्हणजे चाळीतलं जुनं खोड. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, कुणाच्या घरी काही अडलं की पहिली हाक ह्यांना. त्यांना खोट्याची गरज नव्हती. चाळ कुणीही घेतली तरी त्यांना कुणी हलवू शकत नव्हतं.

मल्हारी त्यांच्या ओट्यावर टेकला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. त्यानं वत्सलेकडं बघून विचारलं की ही मंडळी शिमग्याला जाणार ना. बयाबाई म्हणाल्या, जायचं तर आहे, पहिलटकरीण आहे, आईजवळ गेली तर बरं, पण वाट फार खडबडीत आहे बाबा.

मल्हारीला एवढं पुरे होतं. तो उठला, चपला घातल्या, आणि जाता जाता त्यांच्याकडं वाकून म्हणाला,

"मावशी, माझं एक काम करा. कोपऱ्यावरची मोकळी झाली की मला लगेच निरोप धाडा. गॅरेजवर धाडा, घरी धाडा, कुठंही. माझा सगळा जीव त्यात अडकलाय."

बयाबाईंनी त्याच्याकडं जरा वेळ बघितलं. मग पदर सावरून उठल्या, आत गेल्या आणि त्याला तांब्या भरून पाणी आणून दिलं. आधी दिलं नव्हतं.

"धाडते," त्या म्हणाल्या. "अगदी पहिला तुम्हालाच."

पुढचे दिवस मल्हारीला खायला उठले. ठेकेदारानं सांगून टाकलं होतं की सायखेड्याचा एक कांद्याचा व्यापारी चाळ बघून गेलाय, त्याची कसली अट नाही, तेव्हा होळीच्या आत काय ते सांगा. मल्हारी कामावर जाता-येता चाळीवरून चक्कर मारायचा. आत जायचा नाही, उगाच घाई दिसते म्हणून. एकदा त्यानं पांढऱ्या टोपीतला एक माणूस कोपऱ्यावरची भिंत पावलांनी मोजताना बघितला. त्या दिवशी त्याच्या हातून पाना दोनदा सुटला. नव्या फिटरनं तो उचलून दिला, आणि तेच त्याला जास्त लागलं.

सुलाबाईनं पाटल्या हातातून काढून फडक्यात बांधून ठेवल्या होत्या. हात मोकळे दिसतात म्हणून ती दिवसभर पदर मनगटावर घ्यायची.

होळीला आठवडा राहिला असेल. मल्हारी एका ट्रकखाली उताणा पडला होता. बाहेर टेम्पो थांबला, इंजिन चालूच. तिसऱ्या खोलीतला बहिरू ड्रायव्हर वरनंच हाका मारत होता.

"मल्हारीभाऊ, जय भीम. बयाबाईंचा निरोप हाय. कोपऱ्यावरची मोकळी झाली."

मल्हारी असा बाहेर आला की कपाळ एक्सलला लागलं.

"कधी?"

"आज सकाळी. उजाडायला."

"अजून तर आठवडा होता की."

"आता काय सांगायचं. आधीच झाली."

"काही भांडण, आरडाओरड?"

बहिरू हसला. "आरडाओरड काय, होतीच थोडी. पण सगळं आपोआप झालं. बाहेरच्या कुणाला बोलवायला लागलं नाय. बयाबाईंनीच उरकलं."

"आणि बुधा?"

"बुधा लय खुशीत हाय. मला गूळ दिला."

मागनं एस.टी.नं हॉर्न मारला तसा बहिरू गेला. मल्हारी रस्त्याच्या कडेला कपाळ चोळत उभा राहिला. बयाबाईंनी उरकलं. म्हणजे त्यांनीच समजूत घालून लवकर पाठवलं असणार त्यांना. त्यानं गॅरेजवाल्याला सांगितलं, घरी जातोय. गॅरेजवाल्यानं का म्हणून विचारलंसुद्धा नाही.

दुपारपर्यंत पाटल्या मोडून झाल्या. सराफाच्या दुकानात सुलाबाई काट्याकडं न बघता रस्त्याकडं बघत बसली होती. तिथून ती घरी गेली आणि मल्हारी भिकनला घेऊन गंगापूर रोडला गेला.

ठेकेदाराच्या बंगल्यात फरशीचं काम चाललं होतं. गोटीराम ठेकेदार सिमेंटच्या गोणीवर बसून चहा पीत होता. रागीट माणूस नव्हता, पण बोलायला मोजका. त्यानं स्टँपचा कागद आधीच करून ठेवला होता. मल्हारीनं पैसे पुढं ठेवले, तरी त्यानं हात लावला नाही.

"कोपऱ्यावरचं तुम्हाला कळलं ना?" त्यानं विचारलं. "नंतर म्हणाल, सांगितलं नाही. तुमची तिच्यावरच अट होती."

"कळलं. सकाळीच निरोप आला."

"मग आता काय म्हणणं आहे?"

"म्हणणं काय, बरं झालं. उलट लवकर झालं."

ठेकेदारानं कप खाली ठेवला. मल्हारीकडं बघितलं, भिकनकडं बघितलं. भिकन सकाळी ओझरला गेला होता, त्याला मल्हारीनं सांगितलं तेवढंच ठाऊक होतं. तो आपला मान हलवत होता.

"तुमची हरकत नाही?"

"हरकत कसली?"

"नाही, म्हणजे," ठेकेदार म्हणाला, "सायखेडेवाला कळल्या कळल्या मागं सरला. तुम्ही मोठ्या मनाचे दिसता."

मल्हारीला ते कुठंतरी खटकलं. सायखेडेवाला मागं कशाला सरेल? पण तेवढ्यात ठेकेदारानं पेन पुढं केलं होतं, आणि गेले कित्येक महिने तो ज्या क्षणाची वाट बघत होता तो समोर येऊन बसला होता. खरेदीला दोन महिन्यांची मुदत, चाळ जशी आहे तशी, माणसांसकट. घेणारा हटला तर इसार बुडाला. भिकननं वाचून दाखवलं. मल्हारीनं सही केली. फिटरची सही, सावकाश, एकेक अक्षर आवळून.

येताना त्यानं दुकानातून कुलूप घेतलं. मोठं, पितळी. रिकामी खोली एक दिवसही उघडी ठेवायची नाही, हे त्याला भिकननंच शिकवलं होतं. घरून सुलाबाईला बरोबर घेतलं, भिकन होताच. वाटेत ती एकदाच बोलली. शटर निळ्या रंगाचं लावू, ट्रकवाल्यांना लांबून दिसेल.

चाळीत शिरताना आधी वास आला. ओवा आणि शेपा जाळल्याचा. मल्हारी पुढं झाला. कोपऱ्यावरच्या खोलीच्या दारातून धूर निघत होता, पातळ, निळसर. चौकटीला कडुलिंबाचा डहाळा खोचलेला. आणि आतून एक आवाज येत होता. तो आवाज काय आहे हे कळायला माणसाला शाळेत जावं लागत नाही.

मल्हारी अंगणाच्या मध्यावर थांबला.

बयाबाई बाहेर आल्या. हात तेलानं चकचकीत, चेहरा जागरणानं सुजलेला, पण खुलला होता. "आलात. इसार झाल्याचं बहिरूनं नाक्यावर ऐकलं. मी म्हटलंच होतं तिला, येतील म्हणून." मग दाराकडं वळून, "वत्सला, बघ गं, मालक आलेत. मालकीणबाई पण आल्यात. मुलगी झाली हो. आठव्यातच आली, मुठीएवढी आहे, पण आवाज ऐका."

त्या बोलतच राहिल्या. सुलाबाईचा हात धरून त्यांनी तिला सांगितलं की तुझा नवरा लाख माणूस आहे. हा ठेकेदार एवढे दिवस मालक, त्याला ह्या पोरीचं नावसुद्धा माहीत नव्हतं. आणि ह्यांनी चाळ घेतलेलीही नव्हती, तेव्हा माझ्या ओट्यावर येऊन सांगितलं, कोपऱ्यावरची मोकळी झाली की लगेच कळवा, माझा जीव अडकलाय. बाळंतिणीची एवढी काळजी सख्ख्या भावाला नसते. वेणा चालू असताना मी हेच सांगून पोरीला धीर देत होते.

मल्हारीनं डोळे मिटले. कोपऱ्यावरची मोकळी झाली. त्याचेच शब्द होते. बयाबाईंनी एक अक्षर इकडचं तिकडं केलं नव्हतं, आणि बहिरूनंही नाही. मोकळी म्हणजे खोली, असं ह्या सगळ्या चाळीत एकटा तोच समजत होता.

"हे कुलूप कशाला आणलंत?" बयाबाईंनी विचारलं.

"आमच्या घराला," सुलाबाई म्हणाली. तिनं ते त्याच्या हातातून घेऊन पिशवीत टाकलं. तिचा चेहरा दगडासारखा झाला होता. बयाबाईंनी तिला आत ओढलं आणि ती गेली. न जाऊन काय करणार होती?

भिकननं मल्हारीचा दंड धरला आणि त्याला नळाजवळ नेलं. भिकनला आता सगळं लख्ख कळलं होतं. आधी त्यानं कपाळावर हात मारला. मग इकडंतिकडं बघितलं आणि दबक्या आवाजात बोलायला लागला. झालं ते झालं म्हणाला. इसार गेला असं धरू नको, अजून खोली हातची गेलेली नाही. बुधा तिथं ठेकेदाराचा गडी म्हणून राहतो, त्यानं आजवर एक पैसा भाडं दिलेलं नाही. महिना-सव्वा महिना बाळंतीण आहे तोवर राहू दे. मग गोड बोलून काढू. नाही निघाला तर ठेकेदार माणसं पाठवील, ते त्याच्याकडं लागलं. खरेदीच्या आत खोली रिकामी.

"फक्त एक लक्षात ठेव," भिकन म्हणाला. "त्याच्याकडून भाडं घेऊ नको. दिलं तरी घेऊ नको. एकदा भाडं घेतलंस की तो भाडेकरू झाला. मग कोर्टात उभा राहशील, आणि उभाच राहशील. आपली पोरं म्हातारी होतील, तो तिथंच असेल."

सुलाबाई मधेच घागर घेऊन नळावर आली होती, बाळाच्या पाण्यासाठी. भिकन जरा बाजूला सरला, पण बोलणं थांबवलं नाही, वहिनी आपल्याच होत्या. घागर भरली, भरून वाहायला लागली, तिच्या पावलांवर पाणी सांडत होतं. मग ती घागर उचलून आत गेली. नळ तसाच चालू राहिला.

मल्हारी ओट्यावर बसला. समोर ती भिंत होती. मागून ट्रक गेला, भिंत थरथरली, आतलं रडणं क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. त्यानं डाव्या डोळ्यावर हात धरून बघितलं. मग उजव्या डोळ्यावर धरून बघितलं. धुकं होतं तेवढंच होतं.

बुधा आला तेव्हा ऊन कलंडलं होतं. अंगावर सिमेंटची पांढरी भुकटी, हातात डिंकाची पुडी. तो ठेकेदाराकडून हिशेब करून आला होता, तिथंच त्याला कळलं की मालक बदलला. मल्हारीला बघून त्यानं पुडी खाली ठेवली आणि पायाला हात लावायला वाकला. मल्हारी मागं सरकला.

"मालक, माजं तिकडलं काम सपलं," बुधा म्हणाला. "शिमग्याला जायाचा व्हता. पर आता तिला कसा न्यायाचा? बयामावशी नको म्हनं. येवढीशी पोर, गाडीत मरंल."

"बरोबर आहे," मल्हारी म्हणाला.

"तं मी हितंच काम बघतो. नाक्यावर हमाली भेटल." बुधानं बंडीच्या आतून रुमाल काढला आणि गाठ सोडायला लागला. गाठ सिमेंटच्या बोटांनी सुटेना, मग दातानं सोडली. "ठेकेदाराचा गडी व्हतो तव्हर ठीक. तुमच्या घरात फुकट कसा राहू? लोक जे देतात ते मी देईन. ह्या महिन्याचं घ्या."

त्यानं नोटा पुढं केल्या. भिकन पायरीवर बसून विडी पेटवत होता. काडी पेटली, पण त्याचं लक्ष विडीकडं नव्हतं. काडी बोटापर्यंत आली.

मल्हारीनं नोटांकडं बघितलं. नोटा धरलेला हात काळा, भेगाळलेला होता.

"राहू दे," मल्हारी म्हणाला. "राहू दे बुधा. बाळंतपण आहे, खर्च असेल. नंतर बघू."

बुधाचा हात तसाच राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दारातून बयाबाई म्हणाल्या, "बघा. देव भेटावा तर असा." भिकननं धूर सोडला आणि पाय पसरले. तिसऱ्या खोलीतून बहिरूची बायको बघत होती, चौथीतला म्हाताराही बघत होता. सगळ्या चाळीनं बघितलं की नव्या मालकानं बाळंतिणीच्या नवऱ्याकडून भाडं घेतलं नाही. मल्हारीची मान खाली गेली. त्यांना तेही मोठेपणच वाटलं.

सुलाबाई दारात आली. हात कोपरापर्यंत ओले, पदर खोचलेला, मोकळी मनगटं आता झाकलेली नव्हती. बुधाच्या हाताकडं तिनं बघितलं, मग मल्हारीकडं. ती ओट्यावरून खाली उतरली.

"लोक देतात तेवढंच आहे ना हे?" तिनं बुधाला विचारलं.

"जी. बयामावशीला इचारून आनलं."

"मग आण."

"वहिनी," भिकन उठला.

"सुला," मल्हारी म्हणाला.

तिनं ओल्या हातानंच नोटा घेतल्या. मोजल्या नाहीत. पदराच्या टोकात बांधल्या, गाठ नीट आवळली आणि पदर कमरेला खोचला. बुधाला म्हणाली, "पावती उद्या हे आणून देतील. जपून ठेव. हरवू नको, कुणी मागितली तरी देऊ नको. आणि तो डिंक आत नेऊन दे, ती वाट बघतेय."

बुधा आत गेला. भिकन अंगणात येऊन तिच्यासमोर उभा राहिला. त्याची विडी विझली होती.

"वहिनी, तुम्हाला कळलं का तुम्ही काय केलंत?"

"कळलं, भाऊ. मी तिथंच होते ना." तिनं पायांकडं बघितलं. अंगणभर पाणी झालं होतं, पार कोपऱ्यावरच्या भिंतीपर्यंत ओल गेली होती. "तो नळ बंद करा कुणीतरी. पाणी चाललंय."

भिकन जागचा हलला नाही. मल्हारी ओट्यावरून उठला, पाण्यातून चालत गेला आणि त्यानं नळ बंद केला. तोटी सैल होती, पाणी ठिबकतच राहिलं. त्यानं खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला, चवड्यावर बसला, उजवा डोळा जवळ नेला आणि तोटीचा स्क्रू आवळायला लागला.